मामाचं फिट, त्यांची फिट

आमच्याकडे राज्य निजामाचं होतं. कचेरीत उर्दू, शाळेत उर्दू, बाजारात दखनी आणि घरात मराठी. इंग्रजीला टेकायला जागाच नव्हती. तरी ती आली. आगगाडीतून उतरली, दवाखान्यातून पसरली आणि जालन्याच्या सरकी काढायच्या कारखान्यातून तर थेट आमच्या घरात शिरली, कारण तिथं माझा मामा फिटर होता.

फिटर म्हणजे यंत्राचे ढिले झालेले भाग आवळून बसवणारा माणूस. जाफराबादेकडच्या आमच्या आडगावात मात्र फिटर हा मोठा हुद्दा समजला जायचा, तहसीलदाराच्या खालोखाल. मामानं हा गैरसमज दूर करायची कधी घाई केली नाही.

मामाला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, पण त्या एका शब्दावर त्यानं अख्खा संसार चालवला. दाराची कडी नीट लागली की फिट. चहात साखर बेताची पडली की फिट. मामीच्या चोळीची बाही फिट, शेजाऱ्याचा मेलेला म्हातारा तिरडीवर नीट बांधला गेला तरी फिट. जे आवडलं नाही ते अनफिट. त्यात वांग्याची भाजी, उन्हाळा आणि मामीचं माहेर एवढं कायमचं होतं. कारखान्याच्या शेठजीची फिटन होती, चार चाकांची घोडागाडी. तिच्यात फिट माणसं बसतात म्हणून तिला फिटन म्हणतात, असं मामानं आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही माना डोलावल्या होत्या. नाही म्हणायला आमच्याकडे दुसरी इंग्रजी होती कुठं?

माझी आई त्याची थोरली बहीण. तिला हा शब्द कधी पटला नाही. ती म्हणायची, "आपल्यात नवस फिटतो, संशय फिटतो, डोळ्याचं पारणं फिटतं. फिटलं म्हंजे सुटलं, मोकळं झालं. अन् तू फिट केलं म्हंतो तं आवळून बसवून राह्यला. तुझा इंग्रज उलट्या खोपडीचा दिसतो."

"अक्का, तुला न्हाई समजायचं," मामा म्हणायचा. "तू अनफिट हायेस."

या विद्वानाच्या हाती माझं लग्न देण्यात आलं.

माझं वय लग्नाचं होऊन उलटत चाललं होतं. रंग सावळा आणि जीभ तिखट. रंगावर कुणाचा इलाज नव्हता, जिभेवर सगळ्यांचा सुरू होता. आधीच्या पाहुण्यांनी नकार दिले होते आणि माझ्या पाठची बहीण खांद्याला लागली होती. मोठी खोळंबली म्हणजे धाकटीही खोळंबणार, हे घरात रोज कुणी ना कुणी मला ऐकवायचं. तेवढ्यात मामानं घनसावंगीकडचं एक स्थळ आणलं. गोदाकाठची जमीन, उसाचा मळा, एकुलता एक मुलगा. आम्ही सगळे मामाच्या दोन खोल्यांत जालन्याला येऊन थांबलो.

पाहुणे आले. मुलगा, त्याचा बाप आणि बापाची विधवा बहीण. मी आतल्या दाराच्या फटीतून पाहत होते. मामाचं शेंबडं पोर जाऊन मुलाच्या मांडीवर बसलं, तर त्यानं आपल्या उपरण्यानं त्याचं नाक पुसलं. पुरुषानं दुसऱ्याच्या पोराचं नाक पुसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही फारसं पाहिलं नाही. मला तो आवडला. त्या काळी असं म्हणायची सोय नव्हती. आता कोण अडवतंय!

मला बाहेर बोलावलं. चालवलं, सुईत दोरा ओवायला लावला, केसांची लांबी पाहिली. बैलाचे दात पाहतात, तेवढे फक्त राहिले. मग मुलाच्या बापानं घसा खाकरून विचारलं, "पोरीची तब्येत कशी राहते?"

माझे वडील तोंड उघडणार, तेवढ्यात मामानं मांडीवर थाप मारली. "पोरगी? एकदम फिट!"

पाहुण्याच्या हातातली बशी थांबली. "कव्हापासून?"

"जन्मापासून!"

"औषधपाणी?"

"औषध कायला पाह्यजे? आमच्या घराण्यात समदे फिट. हिची माय बघा, माझी बहीण. पन्नाशीला आली तरी सकाळ-संध्याकाळ फिट!"

मुलाच्या आत्याबाईंनी माझ्या आईकडे पाहिलं आणि हळूच सरकून बसल्या. मग दाराशी काढलेली वहाण आणून त्यांनी हाताशी धरून ठेवली. मला वाटलं, बाई जायच्या घाईत आहे. फेफरं आलेल्या माणसाला वहाण हुंगवतात हे मला ठाऊक होतं, पण ती माझ्यासाठी आणली असेल असं कसं सुचावं? मुलाचा बाप म्हणाला, "विचार करून सांगतो." शिरा तसाच ठेवून मंडळी उठली. मामा मात्र खुशीत होता. म्हणाला, "फिट बसलं."

दुपारी शेजारीण धावत आली. पाहुणे पलीकडच्या गल्लीत त्यांच्या ओळखीच्या घरी उतरले होते आणि तिथून बातमी पाण्यासारखी पसरली होती. "अवं, तुमच्या पोरीला फेफरं येतं म्हणे! अन् हिच्या मायला बी! तुमच्याच मानसानं सांगितलं म्हणे, घराण्यातच हाये."

आई मटकन खाली बसली. हे पाहून शेजारणीची उरलीसुरली शंकाही गेली.

मामी मामावर तुटून पडली. "काय बोलून बसलात?"

"म्या कव्हा फेफरं म्हणलो? म्या तं फिट म्हणलो! बिलकुल फिट!" मामा रडवेला झाला होता. फिटचं फेफरं कसं झालं, हे आमच्या घरात कुणालाच उमजेना. वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं. धाकटी बहीण माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी मुद्दाम तिच्या वाटेत आडवी पडले आहे. आणि मला काय वाटत होतं ते सांगते. लोक काय म्हणतील याची मला पर्वा नव्हती. तो मुलगा मला फेफऱ्याची समजून परत जाईल, याचं मला रडू येत होतं.

मामा पाहुण्यांच्या पाया पडून आला. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं मला तपासून सगळ्यांसमोर सांगायचं ठरलं. डॉक्टर म्हणजे एक म्हातारे, दयाळू, उर्दू बोलणारे गृहस्थ. त्यांनी नाडी पाहिली, पापणी उलटून पाहिली, जीभ पाहिली. माझी जीभ निर्दोष ठरण्याची आयुष्यातली ती एकच वेळ. मग ते बाहेर ओसरीवर आले आणि हसून म्हणाले, "बिलकुल फिट है."

"घ्या! आता तं डॉक्टर बी म्हणून राह्यले!" आत्याबाई किंचाळल्या.

"मंग? म्या काय म्हणलो व्हतो?" मामा छाती काढून म्हणाला.

मुलाचा बाप वहाणा पायात सरकवू लागला. डॉक्टर या वेड्यांच्या बाजाराकडे पाहत राहिले. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे भाई, फिट यानी तंदुरुस्त! जिस बीमारी से तुम डर रहे, वो फिट अलग, ये फिट अलग. लफ्ज एक, मतलब दो!"

तंदुरुस्त! हा शब्द तर आमच्या गावच्या बकऱ्यांनाही ठाऊक होता. मामानं तो वापरला असता तर एव्हाना माझी सुपारी फुटली असती. पण मग त्याची इंग्रजी कुणाला दिसली असती?

पाहुण्याचा चेहरा खुलला. "आमचा संशय फिटला," तो म्हणाला. आईनं मामाकडे विजयी नजर टाकली. "पोरगी पसंत हाये. सुपारी फोडून घेऊ, जल्दी." वडिलांनी डोळे पुसले. मुलगा खांबाला टेकून उभा होता. तो काही हसला नाही, पण त्यानं माझ्याकडे पाहिलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं, असं पुढं मला पुष्कळांनी सांगितलं. पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यात कपट नव्हतं. जन्मभर मी फिट हा शब्द चांगल्याच गोष्टींना लावलेला ऐकला होता. दुसरा अर्थ आमच्या गावात कुणाला माहीत नव्हता, कारखान्यातल्या फिटरलाही नव्हता. मी म्हणाले, "मामा, आपल्याकडं समदे फेफरंच म्हंतात. मंग यांना हा दवाखान्यातला शब्द कुठून ठाऊक?"

आत्याबाई पदर सारखा करू लागल्या.

"ऐकला असंल कुठंतरी," मुलाचा बाप म्हणाला. "बाजारात लोक कायबी बोलतात."

"मला फिट येते," मुलगा म्हणाला.

बापानं त्याचा दंड धरला. मुलानं तो सोडवला नाही, पण बोलणंही थांबवलं नाही. "लहानपणापासून येते. हैदराबादेला औषधाला नेल्तं मला. तिथले डॉक्टर फिट म्हणायचे, तव्हापासून आमच्या घरात बी तेच म्हंतात. फेफरं म्हणलं की शेजाऱ्याला समजतं." मग माझ्या वडिलांकडे वळून म्हणाला, "आधी सांगा म्हणून म्या घरी बोललो व्हतो. कुणी सांगत न्हाई म्हणून आता सांगतो."

म्हणजे हिशेब असा होता. जो आजार मला असता तर मी त्यांच्या उंबऱ्याला चालणार नव्हते, तोच आजार त्यांच्या घरात झाकून ठेवून मी मात्र त्यांना चालणार होते. आणि कालपासून मला वहाण दाखवणारी बाई हे सगळं जाणून होती.

मामा भानावर आला. "अनफिट!" त्यानं गर्जना केली. डॉक्टर म्हणत होते, औषध घेतलं तर माणूस संसार करू शकतो, असे कितीतरी करतात. कुणी ऐकलं नाही. वडिलांनी मला दंडाला धरून ओसरीवरून खाली उतरवलं. मुलाकडे वळून पाहायचं नाही, असं आई सांगत होती. मी पाहिलं. तो तसाच उभा होता आणि बाप त्याच्या कानाशी काहीतरी दात खाऊन बोलत होता.

गावाकडे जाताना बैलगाडीत मी आईला म्हणाले, "मला त्योच चालंल."

"हिला देवानं जीभ दिली अन् अक्कल द्यायची राह्यली," आई म्हणाली. वडिलांनी बैलांना उगीचच हाकारलं.

पुढच्या वेळी मामानं कसलीच कसर ठेवली नाही. टेंभुर्णीकडच्या मुलाला त्यानं पळायला लावलं, ज्वारीचं पोतं उचलायला लावलं, दंड चाचपले, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. एवढी तपासणी त्यानं कारखान्याच्या यंत्राचीही केली नसेल. मुलगा सगळ्यात खरा उतरला. माझं लग्न लागलं, मागोमाग बहिणीचंही लागलं. मामा जन्मभर सांगत फिरला की भाचीला नवरा आपण पाहून दिला.

सासरी पहिल्याच वर्षी एका सकाळी गोठ्याचं फाटक उघडं राहिलं आणि म्हशी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरल्या. फाटक सासऱ्यांनी उघडं टाकलं होतं. माझा नवरा तिथंच दातण करत होता, त्यानं ते पाहिलं होतं. शेजारी भांडायला आला, चार माणसं जमली. सासरे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या नव्या सुनंचं काम. हिला कायची शुद्ध न्हाई." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बापाच्या शेजारी उभा होता, उंचापुरा, धडधाकट. मी पाहतच राहिले. तो आपल्या पायांकडे बघत होता.