न वापरलेले लंगोट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही, देवाला तर मुळीच नाही — आणि देवाशी माझं रोजचं उठणं-बसणं आहे, कारण मी पेणच्या एका गणपती कारखान्यासाठी मूर्तींचे डोळे काढते. आखणी म्हणतात त्याला. भुवई, पापणी, बुबुळ. एकतीस वर्षं झाली. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि आधीच सांगून ठेवते, मला तुमच्याकडून काही नको आहे. ‘जाऊ द्या, होतं असं’ हे तर अजिबात नको.

गोष्ट आहे माझ्या नातीच्या ढुंगणावरच्या पुरळाची. हसलात? हसा. सुरुवातीला मीही ती हसण्यावारीच नेली होती.

ओवी तेव्हा सात महिन्यांची. माझा मुलगा गुजरातेत प्लांटवर, महिन्या-दीड महिन्यानं घरी यायचा. माझे हे जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणजे घरात आम्ही तिघी — मी, माझी सून सायली आणि ओवी. सायली रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये. तिचं माहेर रोह्याच्या अलीकडचं खेडं, भात आणि वाल पिकवणारं घर. त्या घरातली बी.एस्सी. झालेली ती पहिली मुलगी. बाळंतपणाची रजा संपली तशी ती पुन्हा कामाला जायला लागली. सकाळी साडेसातला रामवाडीच्या नाक्यावर कंपनीची बस, संध्याकाळी साडेसहाला घरी.

तिची रजा संपायच्या आधीच आळीतल्या बायकांनी माझी आखणी बंद करून टाकली होती. आता काय, आजी झालात, नात सांभाळा, पुरे झाले डोळे. आणि तेव्हा माझ्या बाजूनं कोण बोललं माहीत आहे? सायली. म्हणाली, “आई, आखणी सोडायची नाही हां. ओवी झोपली की करा. दोघींचंही काम चालू राहिलं पाहिजे.” हे तिचं वाक्य लक्षात असू द्या. मला ते विसरता आलेलं नाही.

आता डायपरचं. घरात डायपर आणायला विरोध कुणाचा होता? माझाच. पोरीला काय प्लास्टिकची पिशवी बांधायची का, म्हणून मी नाकानं कांदे सोलले. माझ्या जुन्या सुती साड्या, ह्यांची धोतरं फाडून लंगोट शिवले. चांगले दोन डझन. सायलीनं ऐकलं माझं. ठरलं असं की दिवसभर लंगोट, रात्री झोपताना तेवढं डायपर. निघताना ती रोज बजावून जायची — ओली झाली की लगेच बदला, कोमट पाण्यानं धुवा, पुसू नका, नुसतं टिपून घ्या, थोडा वेळ उघडी राहू द्या. मला सांगायची हे, मला. राग यायचा मला. पण ती सांगत होती ते बरोबरच होतं.

पण लंगोटाचं एक असतं. लंगोट ओला झाला की बाळ रडतं आणि तुम्हाला उठावंच लागतं. तासाभरात दोनदा उठा, तीनदा उठा. आणि आखणीत उठून चालत नाही. एक डोळा झाला की दुसरा तिथल्या तिथं, त्याच बैठकीत व्हावा लागतो. मध्ये उठलं, हाताची लय तुटली, की नजर बदलते. उजवा डोळा तुमच्याकडे बघतो आणि डावा दाराकडे. तसली मूर्ती माझ्या हातून कधी कारखान्यात परत गेलेली नाही.

आषाढ लागला तशा मूर्ती यायला लागल्या. पडवीत ओळीनं बसलेल्या, अंगभर रंगवलेल्या, फक्त डोळे नसलेल्या. पहिल्याच आठवड्यात दोन मूर्ती बिघडल्या, डोळे पुसून पुन्हा काढावे लागले. मग एका सकाळी सायली गेल्यावर मी ओवीला कडेवर घेतलं, आमच्या आळीतलं दुकान सोडून पलीकडच्या आळीतल्या दुकानात गेले आणि एक डायपर आणलं. एकच, सुटं. घरी येऊन बांधलं. आणि खरं सांगू का? इतकं सुख मला कित्येक वर्षांत लागलं नव्हतं. सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत पोर झोळीत, मी पाटावर, मध्ये एक हाक नाही. सात मूर्ती झाल्या एका बैठकीत.

एक डायपर — पाच तास. कधी सहा. शी केली तर वास यायचाच की. तेव्हाही मी... थांबा, हे नीट सांगायला हवं. तेव्हाही मी आधी हातातला डोळा पुरा करायची. मग दुसरा. कधीकधी पुढच्या मूर्तीचाही पहिला. ती कुरकुरायची, मी पायानं झोळीला झोका द्यायची.

पण दोरीचं काय? संध्याकाळी सायली आली की पडवीतल्या दोरीवर तिची नजर जाणारच. दोरीवर लंगोट दिसायला हवेत. म्हणून मी दुपारी आठ-दहा लंगोट घडीतून काढायची, बादलीत बुडवायची, पिळायची आणि वाळत घालायची. न वापरलेले. स्वच्छ. डायपर काळ्या पिशवीत बांधून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी, सायलीची बस गेल्यावर घंटागाडीत टाकायचं. इतकी हुशारी माझ्यात आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

पावसाळी हवेत कापड सुकत नाही. मग सायली दिवसभर लॅबमध्ये उभी राहून आलेली, चहा घेतला की इस्त्री काढायची आणि ते लंगोट एकेक करून कोरडे करायची. शिवण उलटून, टोकं दाबून, ओवीला टोचायला नको म्हणून. मी समोर बसून बिरड्याचे वाल सोलत असायची. कसं बघवलं तुम्हाला, असं विचाराल. बघवलं. रोज बघवलं.

पंधरा दिवसांत पुरळ उठलं. आधी नुसती लाली, मग मांड्यांच्या घड्यांत चिरा, मग कातडी ओली, सोलल्यागत. पाणी लागलं की ओवी किंचाळायची. सायलीनं खोबरेल लावून पाहिलं, मेडिकलमधून झिंकचं मलम आणलं, साबण बदलला, शेवटी लंगोट पातेल्यात घालून उकळले. हो, तेच लंगोट. रात्रीचं डायपर तर तिनं कधीच बंद केलं होतं, दोन-दोन तासांनी उठून लंगोट बदलायची. त्यामुळे रात्री जरा बरं व्हायचं आणि दिवसा पुन्हा चिघळायचं.

आम्ही मुलांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला — डायपर किती वेळ असतं? सायलीनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, “छे हो. घरात लंगोटच वापरतो आम्ही.” त्यांनी तसं लिहून घेतलं. उत्तरच खोटं मिळालेल्या माणसानं औषध तरी खरं कसं द्यायचं? त्यांनी दुसरं मलम दिलं, जागा कोरडी ठेवा म्हणाले, आणि उठता उठता म्हणाले, घरात साबणाचं, कपड्यांचं काही लागत नाही ना, तेही बघा.

कपड्यांचं काही. मी ते शब्द उचलले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सायलीला म्हटलं, “तुझ्या कपड्यांना कंपनीचा वास येतो गो. त्याच अंगानं पाजतेस पोरीला.”

एवढंच बोलले. पुढचं सगळं तिनंच स्वतःवर ओढून घेतलं. त्या दिवसापासून ती बसमधून उतरून आली की मागच्या दारानं न्हाणीघरात जायची. डोक्यावरून अंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, मगच पोरीला हात. आईचा आवाज ऐकून ओवी आकांत करायची आणि दाराआड सायली घाईघाईनं अंगावर पाणी ओतत असायची. पुरळ जाईल कसं? ते तिच्या कपड्यांत नव्हतंच. ते माझ्या पाटाशेजारी झोळीत होतं.

तेव्हा थांबायला हवं होतं की नाही? थांबता आलं असतं की नाही? आलं असतं. दर दोन तासांनी उठले असते तरी पुरलं असतं. नाहीतर सरळ सांगितलं असतं — सायली, मला दोन्ही जमत नाही. ती दोन दिवस रागावली असती आणि तिसऱ्या दिवशी तिनंच काही तोड काढली असती, दुपारपुरती एखादी बाई शोधली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मग आळीत मला नाव पडलं असतं, नातीला घाणीत ठेवून बुबुळं काढणारी म्हातारी. आणि माझा ब्रश कायमचा गेला असता. दोघींपैकी एकीचं काम जाणारच असेल तर ते माझं जाऊ नये, एवढं माझं पक्कं होतं.

तिची आई गावाहून आली. नातीचं अंग बघून पदरानं डोळे पुसायला लागली. म्हणाली, “सोड गो बाय ती नोकरी. लेकराच्या जिवापरीस कंपनी मोठी हाय का?” मग माझ्याकडे वळून, “व्हय का नाय, विहीणबाय?” सायलीही माझ्याकडेच बघत होती. तिला वाटत होतं, निदान मी तरी म्हणेन — नको सोडू. मी चहा ठेवायला उठले.

नारळी पौर्णिमेनंतर तिनं राजीनामा दिला. आणि योग बघा, त्याच आठवड्यात माझ्या मूर्ती पुऱ्या होऊन कारखान्यात गेल्या, पडवी रिकामी झाली. आता डायपर कशाला लागतंय? मी पोरीला मांडीवर घेतलं. कोमट पाणी, मऊ कापडानं टिपणं, चटईवर तासन्‌तास उघडं लोळू देणं, वर खोबरेलाचं बोट, ओला झाला की तत्क्षणी कोरडा लंगोट. पावडर नाही, काही नाही. पाच-सहा दिवसांत कातडी धरली. आठव्या दिवशी ती पाण्यात हात आपटून हसायला लागली. मला रडू आलं तेव्हा. खरंच आलं. माझं तिच्यावर प्रेम नव्हतं असं समजू नका, प्रेम होतं आणि तरीही मी ते केलं.

कंपनी सोडली आणि पोर बरी झाली — आळीत ही गोष्टच होऊन बसली. रोह्याला कामाला जाणाऱ्या दुसऱ्या सुनांना बायका ती अजून ऐकवतात. सायली स्वतः सांगते, आईंनीच ओळखलं म्हणून, डॉक्टरलाही नाही कळलं. मी मान खाली घालून ऐकते आणि लोकांना तो माझा विनय वाटतो.

आता कुणीतरी म्हणेल, देवाचं काम होतं ना हातात. नका म्हणू. देवासाठी नव्हतं ते. बाजारात शंभर मूर्ती ठेवल्या तरी त्यांतल्या माझ्या कुठल्या ते मी लांबून सांगू शकते, आणि ते मला आवडतं, म्हणून करत होते. आजही मला त्याची लाज वाटत नाही. पुरुषमाणसाला कधी कुणी विचारतं का, की पोर ओलं असताना तुझं काम कसं सुचतं? — पण नाही, तो वाद कितीही खरा असला तरी इथं माझ्या उपयोगाचा नाही. मी ज्याचं काम घालवलं तो कुणी पुरुष नव्हता. ती सायली होती.

ओवीला आता पाचवं वर्ष चालू आहे, शाळेत जाते. सायली घरी विज्ञानाच्या शिकवण्या घेते. गेल्या महिन्यात मी पडवीत बसले होते, एका मूर्तीचा उजवा डोळा नुकताच झाला होता. ओवी आजी-आजी करत धावत आली, तिला सायलीनं उंबऱ्यातच धरलं. “आजीचा एक डोळा झालाय. दुसरा होईपर्यंत हाक मारायची नाही, सांगितलंय ना?” तिच्या हातात फोन होता, त्यावर तळवा दाबून धरलेला. मग हळूच मला म्हणाली, “आई, लॅबमधल्या मॅडम आहेत. जागा निघालीय, परत येतेस का विचारतायत. जाऊ का हो? का हिला पुन्हा तसं काही होईल?”

‘जा’ म्हणायचं होतं फक्त. एक अक्षर. पण ती गेली आणि ओवीला काहीच झालं नाही, तर? मग कधीतरी बसमध्ये खिडकीशी बसल्या बसल्या तिला आठवेल — डॉक्टरांचा पहिला प्रश्न, दोरी, इस्त्री. चोराच्या मनात चांदणं.

मी मान वर न करता म्हटलं, “तुझं तू बघ बाई. तिची कातडी मुळात नाजूक.”

तिनं फोनवरचा तळवा काढला. मग ती आत जाताना मला ऐकू आलं, “नाही जमणार, मॅडम.” मी ब्रश रंगात बुडवला आणि डावा डोळा काढला. अगदी उजव्यासारखा आला. हात जरासुद्धा हलला नाही.