डावीकडे दोन बोटं

शेठच्या गाडीची मागची डावी बाजू दोन बोटं खाली बसते, हे पहिल्यांदा मी बघितलं, आमच्या ह्यांनी नव्हे. हे ड्रायव्हर खरे, पण गाडी पुढून बघणारा माणूस. मी तळा गावच्या लोहाराची पोर, ऐरणीशेजारी वाढलेली. वस्तू तिरकी दिसली की माझ्या डोळ्यांत खुपते. परवाच सुनेने लावलेलं कॅलेंडर मी तीनदा सरळ केलं, तेव्हा तिने तोंड वाकडं केलं. तेही दिसलं मला.

चौलात आम्ही मुंबईच्या एका शेठची वाडी राखायचो. नारळ-पोफळी, मध्ये बंगला आणि मागे आमच्या दोन खोल्या. त्यात हे, मी आणि सासूबाई. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. छोटे शेठ आणि त्यांची बायको उन्हाळ्यात बंगल्यावर येऊन राहायची. वहिनीबाई माझ्याच वयाच्या. त्यांच्यात अंडंसुद्धा चालत नसे आणि बाईला डोहाळे लागले ते सुकटीचे! दुपारी नवरा झोपला की मागच्या दाराने माझ्याकडे यायच्या, चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी आणि सुकट खायच्या. मग वास जावा म्हणून तीन-तीनदा हात धुवायच्या. "मला अहो-जाहो नको करूस गं," म्हणायच्या, "अगं म्हण." मी हसायचे. मालकिणीला अगं म्हणायला माझी जीभ कशी वळणार?

छोट्या शेठची ती गाडी विलायती, दोनच माणसांची, वर टप नाही, जमिनीला पोट लावून पळणारी. शर्यतीसाठी केलेली म्हणे. मागच्या कमानी, म्हणजे चाकांवरचे पोलादी पट्टे, इतक्या ताठ की रस्त्यातला खडासुद्धा आत बसलेल्याच्या पाठीत शिरायचा. वहिनीबाईंना कळा सुरू झाल्या तेव्हा छोट्या शेठने त्यांना त्याच गाडीत घातलं आणि अलिबागचा रस्ता धरला. दवाखाना थोडा उरला असताना गाडी एका खड्ड्यात आदळली. डावीकडची कमान मोडली आणि गाडी तिथेच बसली. बैलगाडी मिळेपर्यंत वहिनीबाई गेल्या होत्या. बाळ पोटातच राहिलं. तोंडसुद्धा बघितलं नाही बिचारीने त्याचं.

गाडी बैलांनी ओढून आणली ती ह्यांनी. छोटे शेठ म्हणाले, "भंगारात घाल, नाहीतर तू ठेव. मला पुन्हा दाखवू नकोस." ह्यांनी ती नारळीच्या झापांच्या खोपीत लावून ठेवली. तीन पावसाळे ती तिथेच होती. आमची तांबडी कोंबडी उजव्या सीटवर अंडी घालायची. डाव्या सीटवर तिने कधी पाय ठेवला नाही. मी एकदा उचलून ठेवली, तर असा कलकलाट केला मेलीने की अख्खी आळी जमा झाली.

आता माझं सांगते. माझी दोन गेली होती. एक सातव्यात, एक आठव्यात. दोन्ही वेळा माहेरी, तळ्याला. तिसऱ्या खेपेला अलिबागच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की पहिली कळ आली की इथे आणा आणि हादरा बसता कामा नये, नाहीतर हेही हाती लागणार नाही. हादरा बसता कामा नये! चौल ते अलिबाग, तो रस्ता आणि बैलगाडी! मी घरी येऊन कपाळाला हात लावून बसले.

तिसऱ्या दिवशी हे खोपीत जाऊन गाडीवरची झापं काढायला लागले.

"त्या गाडीत मी बसणार नाही," मी म्हटलं. "मेले तरी नाही."

"बैलगाडीत मरशील, त्याचं काय?" हे म्हणाले. एवढंच.

मुंबईला जाऊन ह्यांनी भंगारबाजारातून लढाईतल्या जीपचे दोन शॉक आणले. नळीसारखे, आत तेल भरलेले. गाडीला होते ते जुने शॉक म्हणजे नुसत्या एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या. त्यांनी हादरा जिरायचा कसला! कमानींसाठी माझ्या वडिलांना बोलावलं. बाबा भाता आणि हातोडे घेऊन माणगावला मोटार बदलत आले. त्यांनी फणसाखाली भट्टी लावली. जाड पट्टे काढून पातळ पट्टे जास्त घालायचे, म्हणजे कमान मऊ होते, हा त्यांचा बेत. पट्टा लाल करायचा, बाक द्यायचा, उंडीच्या बियांच्या तेलात बुडवायचा. मला सातवा लागलेला. सासूबाई ओरडत होत्या, तरी मी भाता ओढायला बसलेच. माझ्याच जिवासाठी चाललेलं, मी काय नुसती बघत राहू?

पंधरा दिवसांत दोन्ही कमानी नव्या झाल्या, जीपचे शॉक बसले. गाडी जॅकवरून खाली उतरवली. मी लांबूनच बघितलं आणि म्हटलं, "बाबा, डावी बाजू दोन बोटं खाली हाय."

माहेरची माणसं समोर आली की मी हाय-न्हायवर येते. बाबांनी बोटं लावून बघितली. "व्हय गो," म्हणाले. त्यांना वाटलं, बाक कमी पडला. पट्टे काढून पुन्हा तापवले, अर्ध्या बोटाचा बाक वाढवला. गाडी उतरवली. दोन बोटं खाली. मग डावी कमान उजवीकडे आणि उजवी डावीकडे घातली. तरी डावीकडे दोन बोटं. मग परातीत पाणी घालून अंगण बघितलं, ते सपाट. गाडी ढकलून तोंड उलटं केलं. डावी बाजू आता समुद्राकडे आली, पण खाली होती तीच. बाबा उकिडवे बसले. त्यांनी पट्ट्यावर हातोडा हलकेच वाजवला. फुटका असता तर बोदा वाजला असता. तो खणखणीत वाजला.

"सांगाडा पिळला असंल," बाबा म्हणाले. पण माझ्याकडे बघून बोलले नाहीत.

मग त्यांनी ह्यांना उजव्या सीटवर बसवलं. उजवी बाजू तीन बोटं खाली गेली. नवी कमान, माणूस बसल्यावर दबायचीच. मला म्हणाले, "आता तू डावीकडं बस."

देवाचं नाव घेतलं आणि बसले. बाबा चाकाशी गुडघे टेकून बसलेले, पंजा लावून.

"बस की गो," बाबा म्हणाले.

"बसले."

"अगो, नीट बस. दांडीला धरून अधांतरी ऱ्हाऊ नको."

"बसलेच आहे, बाबा!"

मी वाकून बघितलं. त्यांचा पंजा होता तिथेच होता. मी आणि पोटातलं मिळून काही कमी वजनाची नव्हते, पण गाडी केसभर दबली नव्हती. हे शेजारी बसलेले, त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले. विहिरीवरचा रहाट तेवढा फिरत होता.

मला एकदम कळलं. एकीने उठून दुसरीला जागा दिली, तर वजन तेवढंच राहतं.

उतरले आणि खोलीत जाऊन दार लावून रडले. भीतीने रडले की कशाने, ते आजही सांगता येणार नाही. बाबांनी कोणाला काही सांगितलं नाही. डाव्या कमानीचा जो पट्टा वहिनीबाईंच्या वेळी मोडला होता, त्याचा त्यांनी कोयता केला. आमच्यात मोटारीच्या मोडक्या पट्ट्याचाच कोयता करतात, धार टिकते. जाताना सासूबाईंच्या हातात देऊन म्हणाले, "बाळंतपणात पोरीच्या उशाखाली ऱ्हाऊ द्या. लोखंड असलं की काय जवळ येत न्हाय."

कळा आल्या त्या सकाळी, चुलीवर पेज होती तेव्हा. ह्यांनी गाडी दारात आणली. मी सीटसमोर उभी राहिले. पाय उचलेना. मग संताप आला मदतीला. कळ पोटात असताना माणूस कोणाची भीड ठेवत नाही. "वहिनीबाई," मी मोठ्याने म्हटलं, "मला जागा द्या. मला हे मूल पाहिजे." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी बसले.

पंधरा दिवसांची मेहनत बाबांची आणि ह्यांची, हे मी नाकारत नाही. गाडी मऊ चालत होती. पण सगळंच काही जीपचा शॉक आणि पातळ पट्टे करत नाहीत. प्रत्येक खड्ड्याच्या आधी माझ्या कमरेखालची सीट किंचित वर यायची. आधी, नंतर नाही. त्या जागेशी आलो. खड्डा अजून तसाच होता, कोणी बुजवला नव्हता. समोरून बैलगाडी आल्यामुळे ह्यांना तो चुकवता आला नाही. डावंच चाक त्यात गेलं. ह्यांचे दात एकमेकांवर आपटले, जीभ चावली, ओठातून रक्त आलं. मला खड्डा लागला नाही. शपथ सांगते, पाळण्यात निजल्यासारखी मी त्यावरून गेले.

मुलगी झाली. खणखणीत रडली. हे बाहेर गेले ते लगेच परत आले, चेहरा पांढरा. "गाडी सरळ उभी आहे," म्हणाले. "दोन्ही बाजू सारख्या. मी बोटं लावून बघितली."

चौथ्या दिवशी आम्ही त्याच गाडीतून घरी आलो. मी बसले तशी डावी बाजू दबली, कोणाच्याही गाडीची दबते तशी. ह्यांना हायसं वाटलं. मला नाही. तिथे नाही, तर मग कुठे?

ते कोंबडीने दाखवलं. तांबडी दुसऱ्याच दिवशी डाव्या सीटवर जाऊन खुशाल अंडं घालून आली. पण आमच्या दारातून आत येईना. रोजचं तिचं ते दार. उंबऱ्याशी यायची, मान वाकडी करून बघायची आणि वळसा घालून मागच्या दाराने घरात शिरायची. सासूबाईंनी ते बघितलं. त्यांनी माझ्या उशाखालचा कोयता चाचपून नीट सरकवला, पातं दाराकडे केलं आणि अंगारा लावला.

मुलगी रात्रंदिवस रडायची. प्यायची, रडायची. पिऊन तोंड दाराकडे करायची. मीही बाजेवरून दाराकडे बघत पडून राहायचे. काही दिसायचं नाही. उन्हाचा पट्टा उंबऱ्यापर्यंत यायचा, एवढंच. पण कोणी दारात ताटकळत उभं असलं की घरच्या बाईला कळतं. त्याला डोळे लागत नाहीत.

सहाव्या दिवशी दुपारी सासूबाई विहिरीवर गेल्या, हे वाडीत होते. मी उशाखालून कोयता काढला. किती जड लागला हाताला! जो पट्टा तिच्या खाली मोडला, तोच तिच्या वाटेत आडवा. तिने मला तिची जागा दिली, माझी पोर हातावर झेलावी तशी खड्ड्यावरून नेली, आणि मी तिच्यासमोर पातं धरून बसले होते.

भीती वाटत नव्हती असं कोण म्हणेल? माझी दोन गेलेली. ही एवढीशी, सहा दिवसांची. चांगल्या मनाने आलेलीसुद्धा कोणी बाळ बघून वेडी झाली तर? उचलून घेतलं आणि परत दिलंच नाही तर? तशीच उठले, बाळंतिणीने उठू नये तरी उठले, भिंतीला धरत मागच्या पडवीत गेले. कोयता तिथल्या वाशाला खोचला. परत येऊन बाजेवर आडवी झाले. मुलीला छातीशी घेतलं नाही. माझ्या आणि बाजेच्या कडेच्या मध्ये मोकळी निजवली.

ऊन उंबऱ्यावर होतं. मुलगी रडत होती. मग बाजेचा काथ्या करकरला, आणि पलीकडची कड हळूच खाली गेली. मोजायची गरजच नव्हती. दोन बोटं.

मुलगी गप्प झाली. डोळे उघडे, वर कुठेतरी लागलेले. हात पुढे करून पोरीला ओढून घ्यावं असं सगळं अंग सांगत होतं. मी हात मांडीखाली दाबून धरला. तेवढ्यात पोरीचं डोकं चटईवरून जरासं उचललं गेलं. जरासंच, आणि एका बाजूला कललं. आई म्हणून नवखी होती ना ती. तिला कोण शिकवणार होतं?

"अगं," मी म्हटलं, "मानेखाली हात घे. तिची मान अजून धरत नाही."