खडकावरून नेलेला पाइप

सीबीडी बेलापूरच्या सरकारी इमारतींच्या मागे एक गावठाण आहे. तिथल्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं. दुर्गाबाईंचा मुलगा पंढरी माझा विद्यार्थी. बाई स्वतः दहाव्या वर्षापासून मिठागरात राबलेल्या. पुढे शहरासाठी मिठागर गेलं, भातशेती गेली. शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांना जमिनीखालून गटारंही मिळाली. दुर्गाबाईंच्या न्हाणीचं पाणी मात्र अंगणातच साचत राहिलं.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात ते डबकं घरात शिरलं. रांगता नातू जुलाबानं आठ दिवस दवाखान्यात होता. सून प्रेमला त्याला घेऊन माहेरी गेली. जाताना म्हणाली, "आत्या, अंगनातला पानी जाईल तवाच येईन."

बाई तिच्यावर रागावल्या नाहीत. सगळा राग त्यांनी शहराच्या हापिसासाठी राखून ठेवला.

"माझे शेतान तुमची गटारा, न माझे घराला गटार नाय?" तिथले साहेब बदलले, बाईंचं वाक्य बदललं नाही. अर्ज मी लिहीत असे. एकदा वाचून दाखवताना 'विनंती' हा शब्द आला. "मास्तर, तो खोडा," बाई म्हणाल्या.

पंच्याण्णवच्या मार्चात लाइन मंजूर झाली. ठेकेदाराचा मुकादम जोतीराम साताऱ्याकडचा. त्यानं न्हाणीपासून रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत चर खणला. मधे खडक लागला. फोडायला दोन दिवस गेले असते, म्हणून त्यानं पाइप खडकावरूनच नेला, सांधे सिमेंटनं भरले आणि दुसऱ्या सकाळी चर बुजवायला माणसं आणली.

बाई काठावर उभ्या होत्या. "मधी उचललायस. पानी जायाचा नाय."

"मावशी, लेव्हल लावून टाकलंय. टेन्शन घिऊ नका."

"लेवल? मिठागरान बोटभर उतारावं पानी फिरवलाय मी. तू मना शिकवतस?"

"मीठ पिकवनं येगळं, गटार येगळं!" माणसं हसली.

बाईंनी घरातून सूपभर भाताचा तूस आणला. मिठागरात पाणी कुठं अडतं ते त्या तूस सोडूनच बघत. न्हाणीकडच्या तोंडात तूस टाकून त्यांनी वर तीन बादल्या पाणी ओतलं. रस्त्यावरच्या चेंबरमध्ये थेंब आला नाही. इकडे तोंडाशी पाणी तुंबलं, त्यावर तूस तरंगत राहिला.

"जाईल हळूहळू," म्हणत जोतीरामनं माणसांना खूण केली.

तशा बाई लुगडं खोचून चरात उतरल्या आणि खडकाला टेकून बसल्या. "बुजव. मनापन बुजव. हापिसान सांग, म्हातारी आडवी आली."

पंढरीनं मला बोलावून आणलं. मी म्हणालो, "दुर्गाबाई, वर या. आपण अर्ज करू."

"तुमचे अर्जांनी दोन वरसा खाल्ली, मास्तर. गप ऱ्हावा."

त्यांचं खोटं नव्हतं.

दुपार झाली. पंढरीनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी परत पाठवला. जोतीराम आधी ओरडला, मग त्यानं विनवून पाहिलं, शेवटी घमेलं आपटलं. "छिन्नी-हातोडा आना रं! ही म्हातारी न्हाई, खडकच हाय!"

"मंग आधी तो फोड," बाई म्हणाल्या, "माझा मंग बगू."

दोन दिवस खडक फुटत होता, आणि दोन्ही दिवस बाई काठावर बसून होत्या. पाइप पुन्हा बसल्यावर त्यांनी न्हाणीशी तूस सोडला, पाणी ओतलं आणि चालत रस्त्यापर्यंत गेल्या. चेंबरवर वाकून पाहिलं. तूस फिरत फिरत आला आणि पुढे निघून गेला.

"झालं का समाधान, मावशी?"

"बुजव आथा," एवढंच बोलून त्या घरात गेल्या.

संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. "सुनेला चिठ्ठी लिवा. पानी गेला. पोराला घेवून ये."

मी तेवढंच लिहून पत्ता घातला. बाई उठल्या नाहीत. खडकाच्या धुळीनं डोळे अजून लाल होते.

"आनि दुसरा कागद घ्या. गल्लीतली सात घरा ऱ्हायलीन." मी टोपण काढेपर्यंत त्यांनी बजावलं, "विनंती लिवू नका."