करारातले दोन पक्ष

अंबरनाथला स्टेशनाच्या पश्चिमेला एका पोलिश बाईंकडे मी धुणीभांडी करायची. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्या निर्वासित म्हणून कोल्हापूरकडच्या छावणीत आल्या आणि पुढे इकडेच राहिल्या. मराठी तिकडचीच बोलत. पोलंडहून यंत्रं मागवणारे कारखानदार त्यांच्याकडे पोलिश भाषेतले करार पाठवत, त्या ते इंग्रजीत करून देत.

त्यांची एक रीत होती. कलम अवघड असलं की आधी मला मराठीत सांगायच्या. "काय गं, समजलं न्हवं?" मी मान हलवली की मगच टाइपरायटर वाजायचा. "तुला कळलं तर सायबालाबी कळंल," म्हणून हसायच्या. मला ते आवडायचं. घरी मला समजलं का, असं कोणी विचारत नसे.

एका करारात होतं, विकणाऱ्याचा माणूस येऊन शिकवीपर्यंत यंत्र चालवायचं नाही. मी मान हलवली. आमचे हे कामाला होते, त्याच कारखान्याचा तो करार.

यंत्र आलं. माणूस यायच्या आधीच साहेबांनी ह्यांना त्यावर उभं केलं. मी घरी ते कलम सांगितलं, तर म्हणाले, "आता साहेबाला तू शिकवणार वाटतं!" आठवड्यात ह्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली. साहेब म्हणाले, चूक कामगाराची. काम सुटलं.

जन्मात पहिल्यांदा मी कोणाकडे काही मागितलं. "बाई, ते कलम साहेबांना दाखवा. ह्यांना परत घेतील."

"त्यास्नी ठावं हाय की. वाचूनच सही केली."

"मग?"

"ते कलम मोडलं तर यंत्राची हमी जाती, बस्स. करारात दोनच पक्ष गं. इकणारा आन् घेणारा. तुझा नवरा त्यात कुठं बसतोय?"

आवाज मऊ होता. मला चहाही दिला. कारखान्याकडून येणारं काम त्यांना घालवायचं नव्हतं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

पुढे तो शिकवणारा माणूस आला. बाईंकडे कॉफीला बसला. त्याचा कप मीच विसळला. घरी हे डाव्या हाताने जेवायचे, भिंतीकडे तोंड करून.

मग नवा करार आला. बाईंनी एक कलम सांगितलं. "समजलं न्हवं?"

सगळं समजलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा सांगितलं, आणखी सोपं करून.

"नाही."

टाइपरायटर गप्प राहिला. मी भांडी घासायला घेतली.