पुलावरच्या आदेशाची वेळ

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी सूचीताई सतरा नंबरची पेटी उघडून बसल्या होत्या. लष्करी इतिहास कार्यालयात त्यांना चोवीस वर्षं झाली होती. आलेल्या कागदाचं कार्ड करायचं, क्रमांक द्यायचा आणि कागद पेटीत ठेवायचा, हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं.

टेबलावर एक फॉर्म पडला होता. हे कार्यालय लष्कराकडेच ठेवावं की नागरी खात्याकडे द्यावं, हे ठरवायला समिती नेमली होती आणि तिने सगळ्यांचं मत मागवलं होतं. दोन चौकोन, खाली कारणासाठी चार ओळी. मुदत पाच वाजेपर्यंत.

"एवढं काय डोकं खाजवताय?" शेजारचा टंकलेखक म्हणाला. "नागरी झालं तर शनिवारी सुट्टी. मी उभ्या उभ्या खूण करून मोकळा झालो."

ताईंनाही कालपर्यंत उत्तर सोपं वाटत होतं. लष्करवाले आपल्या माणसांवर पांघरूण घालतात, बाहेरचे खरं लिहितात. आज मात्र पेटीतल्या दोन कागदांपैकी कुठला खरा मानायचा, हे ठरणार होतं. उद्या युद्ध-इतिहासाच्या नव्या खंडाची पानं छापखान्यात जायची होती.

एका लढाईत एका तुकडीने तीन चाळीसला पूल सोडला होता. अधिकाऱ्याने आठ दिवसांनी शाईने लिहून सही केलेल्या रोजनिशीत माघारीच्या आदेशाची वेळ होती चार दहा. म्हणजे तुकडी आदेशाआधीच पळाली. बिनतारी यंत्राच्या नोंदवहीत, पेन्सिलीने, तीच वेळ होती तीन वीस. त्या पानावर सही नव्हती.

पेन्सिलीचं अक्षर ताईंच्या वडिलांचं होतं; त्याच तुकडीत ते बिनतारी यंत्रावर होते. दोनच्या आकड्याचं शेपूट पुढच्या आकड्याच्या खालून ओढायची त्यांची सवय होती. अकरा वर्षांपूर्वी पान आलं तेव्हाच ताईंनी ते ओळखलं होतं. स्वतःच्या बापाची बाजू आपणच कशी लिहायची, म्हणून कार्डावर 'अक्षर: अज्ञात' लिहून त्या गप्प बसल्या. वडील अजून 'पळपुट्यांतले एक' म्हणून जगत होते.

अकरा वाजता त्या पेटी घेऊन संचालकांच्या खोलीत गेल्या. संचालक म्हणजे कर्नलसाहेब. समोर खंडाच्या सल्लागार, विद्यापीठातल्या प्राध्यापक मॅडम.

"पेन्सिलच छापायची," कर्नलसाहेब म्हणाले. ताई चपापल्या. "गोळ्या सुटत असताना लिहिलंय ते. शाईचं लिहिलंय आठ दिवसांनी, चहा पीत."

"सही नाही, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. पद्धत म्हणून काही असतं की नाही?" मॅडम म्हणाल्या. "आणि शाईवाला अधिकारी तुमच्याच रेजिमेंटचा असता, तर पेन्सिल एवढी गोड लागली असती का?"

"तुम्हाला शाई का गोड लागते तेही सांगा की! तुमच्या पुस्तकात चार दहा छापलंय म्हणूनच ना?"

दोघंही खरं बोलत असावीत, असं ताईंना वाटलं. पंचाईत तीच होती.

"ताई, कार्ड काय म्हणतं?" मॅडमनी विचारलं.

"अक्षर अज्ञात." ताईंनी कार्ड टेबलावर ठेवलं. "पण तसं नाही. माझ्या वडिलांचं आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

"अकरा वर्षांपासून."

"आणि आज सांगताय?" मॅडमनी चष्मा काढला.

"घरी त्यांची पत्रं आहेत, आणू?" ताईंनी कर्नलसाहेबांकडे पाहिलं.

"मुलीने आणलेली पत्रं पुरावा कशी होणार?" मॅडम म्हणाल्या.

"बरोबर आहे," कर्नलसाहेब म्हणाले. "नातं आलं की आमच्याकडेही हात काढून घ्यावा लागतो."

सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. खंडातलं त्या लढाईचं पान उद्या छापखान्यात जाणार नाही. बाहेरचा अक्षरतज्ज्ञ घरी जाऊन वडिलांकडून अक्षराचा नमुना लिहून घेईल, त्या वेळी ताईंनी घरी थांबायचं नाही. पेटीलाही हात लावायचा नाही.

पावणेपाचला ताईंनी 'लष्कर'वर खूण केली, कर्नलसाहेबांना आठवून. मग त्यांची रेजिमेंट आठवली आणि खूण खोडली. 'नागरी'वर केली, मॅडमचं पुस्तक आठवलं, तीही खोडली.

"ताई, फॉर्म आहे की चाळणी?" हेडक्लार्क म्हणाले. "कोरा घेत नाहीत हं."

ताईंनी कारणाच्या ओळीत लिहिलं, 'सांगता येत नाही. अक्षर ओळखूनही मी अज्ञात लिहिलं होतं.' हेडक्लार्कनी ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

घरी वडील दारातच उभे होते; आज वेळ ठरणार, हे त्यांना माहीत होतं. "तीन वीस ना?"

"अजून ठरलं नाही, बाबा. उद्या एक माणूस तुमचं अक्षर घ्यायला येईल."

"लष्कराचा की बाहेरचा?"

"तुम्हाला काय फरक पडतो?"

"पडतो गं. लष्कराचा असेल तर दाढी करावी लागेल." मग त्यांनी उजवा हात पुढे धरला. तो कापत होता. "हा असा झालाय, हे सांगितलंस त्यांना?"

सांगितलं नव्हतं. सांगावं की सांगू नये, हेही ताईंना कळेना.

अक्षरतज्ज्ञ उद्या सकाळी साडेदहाला येईल. तेव्हा ताई नकाशांच्या खोलीत असतील. सतरा नंबरच्या पेटीची किल्ली टंकलेखकाकडे दिली आहे.