घाटाकडचं गेट

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. बहिणीला तर नाहीच — तिला कळलं तर ती पुन्हा माझ्या घरचं पाणी पिणार नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या रस्त्यात भेटलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही. बघा, सुरुवातच अशी. आधी स्वतःला सांभाळून घ्यायचं, मग बोलायचं. माझं सगळं असंच आहे.

आमचं घर नागपुरात, एका जुन्या तलावाला लागून असलेल्या ले-आउटमध्ये. तलावाचं नाव लिहीत नाही. ले-आउट पडायच्या कितीतरी आधीपासून तिथे दगडी घाट होता आणि घाटाकडे जायची वाट आमच्या गल्लीतून जायची — खरं म्हणजे आमची गल्लीच त्या वाटेवर येऊन बसलेली. जुन्या शहरातली माणसं दहाव्याला तिथे यायची. डोकी भादरायची, पिंड ठेवायची, कावळ्याची वाट बघत बसायची. भुलाबाईची मूर्ती पाण्यात शिरवायला पोरी यायच्या. थंडीत शिंगाडेवाले यायचे. आणि या सगळ्यांच्या गाड्या आमच्या दारांपुढे उभ्या राहायच्या.

मी तेव्हा नुकता निवृत्त झालो होतो. ऑफिसात माझं फारसं कोणी ऐकत नसे, पण गल्लीत ऐकायचे. "गाडी काढा इथून" असं मी म्हटलं की मोठमोठी माणसं निमूट गाडी काढायची. दुःखातली माणसं भांडत नाहीत, हे मला फार लवकर कळलं होतं. त्यातून नवीन कारवर कोणाचा तरी ओरखडा पडला, मग तर मला कारणच मिळालं. रोज सकाळी चहा झाला की मी फाटकाशी जाऊन उभा राहायचो. आज कोण सापडतं ते बघायला.

बाबांना हे आवडत नसे. ते नव्वदीला टेकले होते, पण दहाव्याची माणसं दिसली की तांब्या-पेला घेऊन निघायचे. कोणाला पाणी दे, कोणाला माचीस दे. कोण गेलं, काय झालं होतं, विचारायचे. मला म्हणायचे, "त्यायच्या घरचं माणूस गेलं गा. गाडीचं काय घेऊन बसला तू?" मी म्हणायचो, तुम्हाला कायद्यातलं कळत नाही.

त्या दिवशी बायको माहेरी उमरेडला गेलेली. घरात मी आणि बाबा. सकाळी चहा घेताना ते छातीवरून हात फिरवत होते. मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "कसंसंच होऊन राहिलं. जाऊ नको बाहेर. बस माह्याजवळ."

मी ओव्याची पूड दिली. गॅस झाला असेल म्हणालो. आणि —

आणि बाहेर एक मालवाहू ऑटो येऊन थांबला, नेमका माझ्या कारमागे. मी उठलो.

एवढंच आहे बघा. म्हातारा बाप बस म्हणाला आणि मी ऑटोवाल्याशी भांडायला गेलो. बाकी सगळं याच्या पोटातून आलं.

ऑटोवाल्याचं नाव वामनराव, हे मला नंतर कळलं. कोष्ट्याचं घर; वडिलांचा माग होता, हा गांधीबागेतून कापडाच्या गाठी वाहायचा. त्या दिवशी त्याच्या ऑटोत गाठी नव्हत्या. नातेवाईक होते, आणि पिंडांचं सामान. बायकोचा दहावा होता. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, सांगा तिथं लावतो." मी बोट दाखवलं — तिकडे, गल्लीच्या तोंडाशी. त्याने ऑटो तिथे नेऊन लावला आणि सगळे घाटावर गेले. मी मात्र लगेच घरात शिरलो नाही. शेजारच्यांना बोलावून, बाहेरच्या लोकांचं पार्किंग कसं बंद करायचं यावर भाषण देत बसलो. किती वेळ? ठाऊक नाही. पुष्कळ. शेजारी कामावर निघून गेले तरी मी तिथेच रेंगाळत होतो.

घरात गेलो तर बाबा खुर्चीत एका बाजूला कलंडलेले. श्वास होता की नव्हता, मला अजूनही सांगता येत नाही. अँब्युलन्स बोलावली. ती लगेच आली. माझ्या घरामागून मोठ्या रस्त्याला जाणारी दुसरी वाट आहे. तिथून आली, मागच्या दाराशी थांबली. गल्लीच्या तोंडाशी ती गेलीच नाही. वाटेत तिला काही म्हणजे काही आडवं आलं नाही. आतल्या माणसाने नाडी पाहिली आणि मान हलवली.

मग बहिणीचा फोन. ती काटोलला असते. रडत रडत एकच विचारत होती, "दादा, काहून उशीर केला गा? काहून नाही नेलं त्यायले?"

काय सांगणार होतो मी? ओव्याची पूड?

मी म्हणालो, "कसं नेणार वं? गल्लीच्या तोंडाशी ऑटो आडवा लावून ठेवला होता दहाव्याच्या लोकांनी. अँब्युलन्सच अडकली."

हे बोलताना मला काही वाटलं नाही. उलट हलकं वाटलं. तोवर घरी असलेले शेजारी दारात जमले होते, त्यांनी ऐकलं. अँब्युलन्स कुठून आली ते त्यांच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं, आणि मेलेल्या माणसाच्या घरात असं कोण तपासून बघतं? संध्याकाळपर्यंत ते सगळ्या ले-आउटला माहीत झालं. आणि गल्लीच्या तोंडाशी ऑटो होताही — सगळ्यांनी पाहिला होता. कारण त्या बाईच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता. दुपार झाली तरी ती माणसं घाटावर ताटकळत बसली होती. पोरीचं लग्न लावून देतो, पोराला शिकवतो, एकेक कबूल करत.

बाबांचा दहावा मी त्याच घाटावर केला. आमच्या नातेवाइकांच्या गाड्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या होत्या. कोणी चकार शब्द काढला नाही. कावळा लगेच शिवला आणि लोक म्हणाले, बाबांची काही इच्छा राहिली नव्हती. मी मान डोलावली.

तेरवीच्या दिवशी वामनराव आला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं. त्याच्या डोक्यावर नुकते खुंट उगवले होते, माझं अजून गुळगुळीत होतं. दारातच माझे पाय धरले त्याने. म्हणाला, "साहेब, माह्याच गाडीनं झालं. मले मालूमच नोहतं." जिथे लाव म्हणून मीच बोट दाखवलं होतं, तिथे त्याने गाडी लावली होती, पण हे त्याच्या मनातही आलं नाही. मी वाट बघत होतो — आता म्हणेल, तुम्हीच सांगितलं होतं ना? तसं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर कदाचित माझ्या तोंडून खरं निघालं असतं. हेही मी आपलं म्हणतोय.

मी त्याला उठवलं. खांद्यावर हात ठेवला. सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालो, "जाऊ द्या वामनराव. झालं ते झालं. आमच्या मनात काही नाही."

मी त्याला माफ केलं.

खोटं तर बहिणीशी बोललो होतो, घाबरून बोललो होतो, त्याला मी काहीतरी नाव देऊ शकतो. पण हे? घाबरलेला नव्हतो मी. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मला स्वतःचं मोठं कौतुक वाटलं त्या क्षणी. त्याला जेवू घातलं, पुरण आग्रहाने वाढलं. तो खाली बघून जेवला.

पुढचं सोपं होतं. बाप गेलेल्या माणसाला कोण नाही म्हणणार? अर्जावर सगळ्यांनी सह्या केल्या, वॉर्डातल्या पुढाऱ्याने मनावर घेतलं. गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली — बाहेरील वाहनांस सक्त मनाई. पाठोपाठ घाटाच्या बाजूला लोखंडी गेट आलं, आणि किल्ल्या फक्त रहिवाशांना. गेटच्या खांबावर संगमरवरी पाटी बसवली, बाबांच्या नावाची. ज्या माणसाने तांब्या घेऊन त्या लोकांमागे फिरण्यात म्हातारपण घालवलं, त्याच्या नावाने त्यांची वाट बंद झाली. काही दिवस माणसं यायची, गेटला हात लावून उभी राहायची, परत जायची. मडकं हातात तसंच. भुलाबाईच्या पोरी एकदा आल्या आणि गेटबाहेरच गाणी म्हणून गेल्या. आता कोणी येत नाही. सकाळी फिरायला घाट छान मोकळा असतो, असं सगळे म्हणतात.

वामनरावाने ऑटो विकला. गल्लीबोळात गाडी घालवतच नाही म्हणे. आता लकडगंजला एका गोदामात हमाली करतो, या वयात. हे त्यानेच सांगितलं, कारण तो दरवर्षी येतो. पितृपक्षात, बायकोची तिथी असते त्याच्या आदल्या दिवशी. परवानगी मागायला. तिच्या पानाशेजारी तो माझ्या बाबांचं पान वाढतो. शेजारी नव्हे, आधी. आधी बाबांचं, मग तिचं. दरवर्षी विचारतो, "चालन ना साहेब?" आणि मी दरवर्षी चालेल म्हणतो.

यंदाही आला. बराच वाळलाय. चहा घेतला नाही. मग म्हणाला, त्या दिवशी कावळा शिवला नाही तो नाहीच. शेवटी दर्भाचा करून शिववला. तिचा जीव कशात अडकला होता, ते त्याला नंतर समजलं. तिच्या दहाव्याने एका माणसाचा जीव जाणार होता, ते तिला आधीच दिसत होतं, म्हणून ती सुटली नाही. इतकी वर्षं तो हे धरून बसलाय. मी समोर बसून ऐकत होतो. एका वाक्याचं काम होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं. तोंड उघडलंही मी.

"पंखा लावू का?" असं विचारलं.

तो नको म्हणाला. मग म्हणाला, "साहेब, एक मागू का? एकडाव त्या घाटावर जाऊ द्या मले. तिथं बसून तिले सांगतो का साहेबायनं माफ केलं, आता सुट."

पूर्वी घाट आणि माझं घर यांच्यामध्ये बेशरमाची दाट झुडपं होती. गेट झालं तेव्हा ती साफ केली. आता घाटावर उभं राहिलं की माझं मागचं दार दिसतं, आणि तिथून मोठ्या रस्त्याला जाणारी ती रुंद, मोकळी वाट. गल्लीच्या तोंडाशी तिचा काही संबंध नाही, हे कोणालाही कळेल. त्यालाही कळलं असतं.

मी म्हणालो, "वामनराव, नियम सगळ्यांना सारखा. गेट रहिवाशांसाठीच आहे."

तो लगेच उठला. हात जोडून म्हणाला, "बरोबर हाय साहेब. माह्यासारख्यायमुळंच तं लावा लागलं ते."

आणि गेला. मी दार लावून घेतलं. भूक लागली होती, जेवायला बसलो.