लाल चटणी डावीकडे

मी आज तापीच्या पाण्यावर पोट भरतोय ते माझ्या ताईच्या चुलत सासऱ्यांमुळे, हे आधी सांगतो. काय झालं ते मागून. आम्ही त्यांना नाना म्हणतो. डावं-उजवं इतकं मनावर घेतलेला माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा निघायचा नाही. नाना हजिरा बंदराकडे एका शेठची बोट चालवायचे, उभ्या जहाजांवर कामगार पोचवायची. बोटीला डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा, वर काठीला आणि मागे पांढरा. अंधारात आपलं तोंड कुठे आहे ते समोरच्याला यावरूनच कळतं. हा नियम नानांनी बोटीपुरता ठेवला असता तर नानी सुखात राहिल्या असत्या. पण नवागामच्या गल्लीतही नाना डाव्या पायात लाल चप्पल, उजव्यात हिरवी घालायचे. त्यासाठी दोन जोड घेतले होते. उरलेल्या दोन, डावी हिरवी आणि उजवी लाल, नानींच्या वाट्याला आल्या, म्हणून नानी समोरून आल्या की नाना गोंधळून बाजूला व्हायचे. पर्वत पाटियाच्या चौकात रस्ता ओलांडताना, बोटीच्या नियमाने उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं म्हणून नाना उभेच. शेवटी एखादा रिक्षावाला विचारायचा, "काका, जाना है कि नहीं?"

माझी शाळा सातवीत सुटली. सुरतेजवळ सचिन गावात कापडाच्या मागावर कामाला होतो, ते काम गेलं आणि नानांनी मला बोटीवर घेतलं. कागद दिसला की माझ्या तळहाताला घाम येतो, हे त्यांना ताईने सांगितलं असावं. त्यांनी कागद काढलाच नाही, जेवायचं ताट पुढे सरकवलं. "डावीकडे लाल चटणी, उजवीकडे हिरवी भाजी, वर पांढरं मीठ. हीच आपली बोट. आते जेवी ले."

मी ते ताट इतकं पाठ केलं की तिथेच घात झाला. महिनाभराने दिव्यांच्या रंगीत काचा धुतल्या आणि परत बसवताना धक्क्यावर, बोटीच्या नाकासमोर उभा राहिलो, ताटासमोर बसतात तसा. माझ्या डाव्या हाताला लाल, उजव्याला हिरवी. बोटीत बसलेल्याच्या हिशेबाने सगळं उलटं. त्या संध्याकाळी वीस माणसं घेऊन निघालो, अंधार पडला, दिव्यांची तोंडं पुढे असल्याने आतून नानांनाही रंग दिसेना, आणि समोरून येणारा टग, म्हणजे जहाजं ओढणारी बोट, आमचे दिवे बघून नेमका आमच्याच अंगावर वळला. नानांनी धोक्याचा भोंगा पाच वेळा वाजवला, इंजिन उलटं टाकलं. टग इतक्या जवळून गेला की त्यावरच्या माणसाची शिवी स्पष्ट ऐकू आली.

टगवरून फोन गेला होता, धक्क्यावर शेठ वाट बघत होते. काचा कोणी लावल्या, विचारलं. ताईच्या घरी राहणारा मी, नोकरी लागून जेमतेम महिना झालेला. मी खाली वाकून दोर गुंडाळायला लागलो. नानांनी चूक अंगावर घेतली, "शेठ, मारी भूल छे." त्यांचं सुकाणू काढून घेतलं, तीस वर्षं बोट चालवलेला माणूस दोन महिने दोर बांधत होता. मी रडायला लागलो तर म्हणाले, "अरे, निम्मी चूक माझीच. ताटात कुठे बसायचं ते मी सांगितलंच नव्हतं."

पुढे त्यांनीच मागे लागून मला सुकाणी व्हायच्या तोंडी परीक्षेला बसवलं. साहेबांनी दिवे विचारले, मी डोळे मिटून ताटाच्या आत जाऊन बसलो आणि पास झालो. नाना आता गावी असतात. मोतीबिंदूने लाल-हिरवं फिकं दिसतं म्हणे, तरी फोनवर पहिला प्रश्न तोच, "काचा पुसल्या का?"

डोळ्यांच्या ऑपरेशनला मी त्यांना इथे आणणार आहे. पट्टी सुटली की संध्याकाळी दिवे लावून बोटीत पुढे बसवेन. पण त्याआधी धक्क्यावर, त्यांच्यासमोर, शेठना सांगेन की त्या काचा मी लावल्या होत्या.